मुक्कामापुरते इंग्रजी

सोलापूरच्या सात रस्त्यावर उतरलेल्या परगावच्या गृहस्थाने "येथे जवळपास हॉटेल कोठे आहे?" असे विचारले, तर त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळण्याचा संभव असतो. एक जण त्याला चहा-फराळाच्या ठिकाणाकडे बोट दाखवील. दुसरा त्याच्या हातातील बॅग पाहून राहण्याच्या ठिकाणाकडे नेईल. दोघांपैकी कोणाचेही चुकलेले नसते. मराठीत 'हॉटेल' हा शब्द प्रथम खाण्यापिण्याच्या जागेसाठी रूढ झाला. राहण्याच्या जागेस साधा माणूस 'लॉज' म्हणू लागला. इंग्रजीत मात्र हॉटेल म्हणजे मुख्यतः राहण्याचे ठिकाण. तेथे भोजन मिळेलच असे नाही. जेथे केवळ भोजन मिळते, त्यास इंग्रजी माणूस रेस्टॉरंट म्हणतो. हॉटेल, हॉस्पिटल आणि हॉस्टेल हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन मुळापासून निघालेले आहेत व त्या मुळाचा अर्थ पाहुण्याचा स्वीकार करणे असा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या शब्दाचा खरा रोख कळून येतो.

सोलापूरपासून अक्कलकोट, तुळजापूर व पंढरपूर ही तीनही क्षेत्रे शंभर किलोमीटरांच्या आत आहेत. त्यामुळे या गावाला मुक्कामाचे प्रवासी नवे नाहीत. १८६० साली येथे आगगाडी आली. त्यापूर्वीचा यात्रेकरू धर्मशाळेत किंवा ओळखीच्या घरी उतरे. तेथे येण्याजाण्याची वेळ कोणी घड्याळ लावून मोजीत नसे आणि बोलणे सारे आपल्याच भाषेत होई. हॉटेलाची गोष्ट निराळी आहे. तेथे मुक्काम हा एक करार असतो. काय मिळेल, किती वेळ मिळेल आणि त्यास काय पडेल, हे आधी ठरलेले असते. आणि ते ठरविण्याची भाषा, निदान पाटीवरची व पावतीवरची, बहुधा इंग्रजी असते. ज्यास ती भाषा बोलण्याचा संकोच वाटतो तो प्रश्नच विचारीत नाही. आणि जो प्रश्न विचारीत नाही, त्यास पुढे पैसे भरताना आश्चर्य करीत बसावे लागते. हे टाळण्यास फार विद्वत्ता लागत नाही. वीस-पंचवीस वाक्ये पुरतात. मात्र ती वेळेवर आठवली पाहिजेत व त्यांचा नेमका अर्थ ठाऊक असला पाहिजे.

आधी पाट्यांवरचे शब्द पाहू. 'लॉजिंग-बोर्डिंग' ही जोडी बहुतेक प्रत्येक गावात दिसते. लॉजिंग म्हणजे राहणे हे उघड आहे. परंतु बोर्डिंग म्हणजे काय? बोर्ड म्हणजे फळी. जुन्या इंग्रजीत फळीवरून जेवणाचे मेज आणि मेजावरून जेवण असा अर्थ सरकत गेला. म्हणून बोर्डिंग म्हणजे भोजनाची सोय. परदेशातील हॉटेलांत 'फुल बोर्ड' लिहिलेले असेल तर तिन्ही वेळचे खाणे भाड्यात धरलेले आहे. 'हाफ बोर्ड' असेल तर सकाळची न्याहारी व बहुधा रात्रीचे जेवण. दरपत्रकास 'टॅरिफ' म्हणतात. हा शब्द अरबीतून युरोपात गेला. मराठीतील 'तारीफ'ही त्याच अरबी धातूपासून आली. तेव्हा टॅरिफ हा काही अगदीच परका पाहुणा नव्हे. 'व्हेकन्सी' म्हणजे खोली रिकामी असणे, आणि 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे ज्याचे वेगळे पैसे पडत नाहीत ते. खोलीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर हा शब्द नसेल, तर ती उघडण्यापूर्वी "इज धिस कॉम्प्लिमेंटरी?" एवढे विचारून घ्यावे.

खोलीच्या प्रकारांत एक भेद नेहमी घोटाळा करतो. 'डबल रूम' म्हणजे दोघांची खोली, पण तीत पलंग एकच मोठा असतो. 'ट्विन रूम' म्हणजेही दोघांची खोली, पण तीत पलंग दोन निरनिराळे असतात. बापलेक किंवा दोन स्नेही प्रवासास निघाले असतील तर त्यांनी "वी वुड लाइक अ ट्विन रूम, प्लीज" असे म्हणावे. मजल्यांच्या बाबतीत मराठी माणसाला ब्रिटिश पद्धत सोपी जाते, कारण तिच्यात तळमजल्याच्या वर पहिला मजला येतो. अमेरिकेत मात्र जमिनीलगतच्या मजल्यासच पहिला म्हणतात. तेथे नातवंडांकडे गेलेल्या आजोबांस 'सेकंड फ्लोअर' सांगितला, तर तो एकच जिना चढून लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचा विषय वेळेचा. खोलीचा दिवस कोठे सुरू होतो व कोठे संपतो, यावर पैशांचा हिशेब ठरतो. काही ठिकाणी 'चोवीस तासांचा' नियम असतो: ज्या वेळी खोली घेतली त्या वेळेपासून चोवीस तास. अन्य ठिकाणी खोली सोडण्याची वेळ ठरलेली असते, बहुधा दुपारी अकरा किंवा बारा; आणि नव्या पाहुण्यास खोली दुपारी बारा ते दोनच्या सुमारास मिळते. सोलापूरकराला हा भेद विशेष जाणवतो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेले कुटुंब सकाळी मुंबईत उतरते. त्यात एखादी वृद्ध आई औषधोपचारासाठी निघालेली असली, तर तिला तत्काळ आडवे होण्यास जागा हवी असते. चोवीस तासांचा नियम असेल तर अडचण नाही. दुपारचा नियम असेल, तर दिवाणखान्यात पाच-सहा तास बसून राहावे लागते किंवा आदल्या रात्रीचे भाडे भरावे लागते. उलट, १० फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागलेल्या वंदे भारत गाडीने सकाळी सोलापूर सोडले तर दुपारी मुंबई गाठता येते, आणि तोवर खोली तयार होण्याची वेळही जवळ आलेली असते. गाडी निवडतानाच हा विचार करावा आणि दूरध्वनीवर पुढील वाक्ये विचारावीत.

"व्हॉट इज युवर चेक-इन टाइम?" म्हणजे खोली किती वाजता मिळेल. "व्हॉट इज युवर चेक-आउट टाइम?" म्हणजे ती किती वाजता सोडावी लागेल. "वी विल अराइव्ह ॲट सेव्हन इन द मॉर्निंग. इज अर्ली चेक-इन पॉसिबल?" म्हणजे आम्ही सकाळी सात वाजता पोहोचू, खोली लवकर मिळू शकेल काय. त्याच्याच पाठोपाठ "इज देअर एनी एक्स्ट्रा चार्ज?" हे विचारण्यास विसरू नये, कारण 'पॉसिबल' या शब्दात 'फुकट' हा अर्थ नाही. खोली मिळणार नसेल तर "कुड वी लीव्ह अवर लगेज हिअर?" असे विचारावे. बहुतेक हॉटेले सामान सांभाळण्यास नकार देत नाहीत. मग निदान हात मोकळे राहतात.

तारीख सांगतानाही सावधपण हवे. मराठीतील 'परवा' हा शब्द मागचाही असतो व पुढचाही. इंग्रजीत पुढच्या परवाला 'द डे आफ्टर टुमॉरो' म्हणावे लागते. त्यापेक्षा महिन्याचे नाव घेऊन तारीखच सांगणे बरे: 'फिफ्थ ऑफ जुलै'. केवळ आकड्यांत ५/७ लिहिले तर आपल्याकडे ते पाच जुलै होते, पण अमेरिकेत सात मे. मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्याने तर दुप्पट काळजी घ्यावी. रात्री साडेबारा वाजता उतरणारा प्रवासी व्यवहारात 'शनिवारी रात्री' असे म्हणतो, पण घड्याळाने तेव्हा रविवार लागलेला असतो. अशा वेळी खोली शनिवारच्या तारखेची मागावी व "वी विल अराइव्ह आफ्टर मिडनाइट" असे स्पष्ट सांगून ठेवावे. नाहीतर प्रवासी आलाच नाही असे समजून खोली दुसऱ्यास दिली जाते. साडेसात म्हणजे 'हाफ पास्ट सेव्हन', सव्वासात म्हणजे 'क्वार्टर पास्ट सेव्हन' हे बहुतेकांस येते. पण पावणेआठ म्हणजे 'क्वार्टर टू एट' हे घाईत चुकते. शंका असेल तेव्हा 'सेव्हन फॉर्टी-फाइव्ह' म्हणावे. त्यात चुकण्यास जागा नाही.

हॉटेलात गेल्यावर नोंदवही किंवा नोंदणीचा कागद पुढे येतो. त्यावर 'फर्स्ट नेम' म्हणजे स्वतःचे नाव आणि 'लास्ट नेम' किंवा 'सरनेम' म्हणजे आडनाव. मराठी रीतीप्रमाणे मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. ते 'मिडल नेम'च्या जागी लिहावे. ओळखपत्रावर नाव ज्या अक्षरांनी लिहिले असेल त्याच अक्षरांनी येथेही लिहावे. कारकुनाने "हाउ डू यू स्पेल दॅट?" असे विचारले तर तो अपमान नव्हे, मराठी आडनाव त्यास अपरिचित आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी एकेक अक्षर सावकाश सांगावे, आणि बी, डी, पी, टी ही कानाला सारखी लागणारी अक्षरे 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर डेल्ही' अशी शब्द जोडून सांगावीत.

येथपर्यंत शब्दांचा विचार झाला. खरी अडचण शब्दांची नसून आदराची आहे, आणि तिच्याकडे शाळेतही पुरेसे लक्ष दिले जात नाही. मराठीत आदर क्रियापदाच्या अंगी असतो. 'दाखव' आणि 'दाखवा' यांतील एका आकाराने सारे साधते. म्हणून "जरा खोली दाखवा" हे वाक्य पुरेसे सभ्य असते. इंग्रजी क्रियापदाला ती सोय नाही. 'शो' हा शब्द मुलालाही तोच व न्यायाधीशालाही तोच. म्हणून "जरा खोली दाखवा" याचे शब्दशः इंग्रजी "शो मी द रूम" असे केले, की मराठीतील आदर वाटेतच गळून पडतो आणि उरतो तो केवळ हुकूम. बोलणाऱ्याच्या मनात उद्धटपणा नसतो. ऐकणाऱ्याला मात्र तो दिसतो, आणि मग उत्तरही तसेच कोरडे येते. इंग्रजीने आदर वाक्याच्या आरंभी ठेवला आहे: "कुड यू", "मे आय", "वुड इट बी पॉसिबल". "मे आय सी द रूम, प्लीज?" असे म्हणावे. 'कुड' हे 'कॅन'चे भूतकाळी रूप असले तरी येथे भूतकाळाचा काही संबंध नाही. समोरच्यास नाही म्हणण्यास वाव ठेवणे हा त्याचा हेतू असतो.

'हवे' या शब्दाचेही असेच आहे. "मला गरम पाणी हवे" हे मराठीत निरुपद्रवी वाक्य आहे. "आय वॉन्ट हॉट वॉटर" हे मात्र हट्टी मुलाच्या तोंडचे वाटते. त्याऐवजी "कुड आय हॅव सम हॉट वॉटर, प्लीज?" किंवा "आय वुड लाइक सम हॉट वॉटर" असे म्हणावे. नोकराला हाक मारताना आपल्याकडे 'अहो' आहे. इंग्रजीत त्या जागी 'एक्स्क्यूज मी' आहे. 'थँक यू'च्या बाबतीत तर दोन्ही भाषांचे स्वभाव उलट आहेत. आपल्या घरात पाण्याच्या पेल्यासाठी कोणी 'धन्यवाद' म्हणू लागला तर तो परका वाटेल. इंग्रजीत तो शब्द प्रत्येक पेल्याला म्हटला जातो व न म्हटल्यास उणीव भासते. यात खोटेपणा काही नाही. ज्या घरी जावे त्या घरची रीत पाळावी, इतकेच.

होय-नाहीच्या उत्तरांत याहून मोठा खड्डा आहे. "तुम्ही खोली राखून ठेवली नाही का?" या प्रश्नाला मराठी माणूस "हो, नाही ठेवली" असे सहज म्हणतो; त्याचा 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत 'यस' हा वस्तुस्थितीला असतो. "डोन्ट यू हॅव अ रिझर्व्हेशन?" या प्रश्नाला 'यस' म्हटले की त्याचा अर्थ 'आहे' असा होतो व कारकून वहीत नसलेले नाव शोधीत बसतो. खोली राखून ठेवली नसेल तर "नो, आय डोन्ट" हेच उत्तर. तसाच "वुड यू माइंड अ रूम ऑन द थर्ड फ्लोअर?" हा प्रश्न. 'माइंड' म्हणजे येथे हरकत असणे. खुशीने 'यस' म्हणणारा वस्तुतः हरकत घेत असतो. खोली पसंत असेल तर "नॉट ॲट ऑल" म्हणावे, गुडघ्यांमुळे जिना चढवत नसेल तर "आय ॲम सॉरी, आय कान्ट क्लाइंब स्टेअर्स. डू यू हॅव अ रूम ऑन अ लोअर फ्लोअर?" असे सांगावे.

तक्रार करण्याची वेळ आली तर इंग्रजीत एक क्रम फार उपयोगी पडतो: आधी वस्तुस्थिती, मग विनंती, दोष कोणाचा हे सांगूच नये. "द फॅन इज नॉट वर्किंग. कुड यू सेंड समवन, प्लीज?" यात सर्व आले. "देअर इज नो हॉट वॉटर इन रूम टू-झीरो-फोर" असे म्हणताना खोलीचा क्रमांक जरूर सांगावा. पंखा किंवा दिवा बंद करण्यास 'क्लोज' म्हणू नये, 'क्लोज' दाराखिडकीला. पंख्याला व दिव्याला 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' म्हणतात. गरम पाणी काही ठिकाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून खोली घेतानाच "व्हेन इज हॉट वॉटर अव्हेलेबल?" हे विचारलेले उत्तम. शाकाहारी मंडळींनी केवळ 'व्हेज' या शब्दावर विसंबू नये. तो आपल्या देशात चालतो. परदेशात "आय डोन्ट ईट मीट, फिश ऑर एग्ज" असे मोजून सांगावे लागते, कारण तेथे अंडे अनेकांच्या शाकाहारात मोडते.

निघताना हिशेब येतो. आपण ज्यास बिल म्हणतो त्यास ब्रिटिशही बिल म्हणतात. अमेरिकेत खाणावळीत त्याला 'चेक' म्हणतात, त्याचा बँकेच्या धनादेशाशी संबंध नाही. भाडे ठरवितानाच "इज द टॅक्स इन्क्लुडेड?" हे विचारलेले असावे. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. त्याहून महाग खोलीवर तो १८ टक्के आहे. म्हणजे २,००० रुपयांच्या खोलीवर कर १०० रुपये. कर आणि 'सर्व्हिस चार्ज' या दोन गोष्टी एक नव्हेत. कर सरकारचा; सर्व्हिस चार्ज हॉटेलाने आपल्या बाजूने लावलेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ग्राहकाच्या बिलात आपोआप जोडता येत नाही. देणे न देणे ग्राहकाच्या खुशीवर आहे. म्हणून न कळणारा आकडा दिसला तर भांडण न करता त्यावर बोट ठेवून "कुड यू एक्स्प्लेन धिस आयटम, प्लीज?" असे विचारावे. या एका शांत वाक्यापुढे चुकीचे आकडे बहुधा टिकत नाहीत. अनामत भरलेली असेल तर "मे आय हॅव माय डिपॉझिट बॅक?" हेही विचारावे आणि शेवटी पावती मागावी: "कुड आय हॅव अ रिसीट, प्लीज?"

काही वाक्ये अशी आहेत की त्यांची गरज पडू नये, पण ती घरातील प्रत्येकास, विशेषतः वृद्धांस व मुलांस, पाठ असावीत. "आय नीड अ डॉक्टर. इट इज अर्जंट." "माय वाइफ इज नॉट वेल." "आय ॲम लॉक्ड आउट ऑफ माय रूम." "व्हेअर इज द फायर एक्झिट?" शेवटचा प्रश्न आग लागल्यावर विचारायचा नसून खोलीत सामान ठेवताच विचारायचा आहे. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये ही सूचना बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच लावलेली असते. तिचा अर्थ मुलांना समजावून द्यावा. भारतात कोठेही संकटसमयी ११२ हा एकच क्रमांक फिरवावा. आणि अनोळखी माणसे ऐकत असताना आपल्या खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारू नये, कारकुनाने तसे केले तर "कुड यू राइट इट डाउन, प्लीज?" असे म्हणून तो कागदावर मागावा.

या सर्वांवरून पदोपदी इंग्रजी बोललेच पाहिजे असा समज मात्र होऊ नये. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू घरोघर बोलल्या जातात आणि एका भाषेत अडले तर दुसरीत पुढे जाणे हा येथील बाजाराचा नित्याचा क्रम आहे. मुंबईतही आधी मराठीच बोलून पाहावे. कित्येकदा गल्ल्यामागचा माणूस आपल्याच मुलखातला निघतो. बेंगळुरूला किंवा चेन्नईला गेल्यावर, अथवा मुलाबाळांकडे परदेशी निघाल्यावर इंग्रजीची गरज पडेल तेव्हा ती नम्रपणे, पण न बिचकता वापरावी. उच्चार थोडा मराठी वळणाचा झाला तर त्यात लाजण्याचे कारण नाही. समजले नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?" हे वाक्य दहा वेळा म्हणण्याचा प्रवाशास पुरा अधिकार आहे, कारण मुक्कामाचे पैसे त्याचे आहेत, आणि न समजता मान डोलावणाऱ्यापेक्षा पुन्हा विचारणाऱ्याचाच मान अधिक राहतो.

प्रवासास निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ही वाक्ये एका कागदावर मराठी अक्षरांत लिहून काढावीत व घरातल्या घरात दोघांनी एकमेकांना विचारून पाहावीत: एकाने कारकून व्हावे, दुसऱ्याने पाहुणा. अर्ध्या तासाची ही उजळणी पुरते. कागद मात्र बॅगेच्या तळाशी ठेवू नये; तो वरच्या खिशात असावा.